विषम रुंदी

कुताइसीत, रिओनीवरच्या पांढऱ्या पुलापाशी
बाद्री मोबाइलची कव्हरं विकतो
आणि उरलेल्या वेळात माझ्या संगणकाला शिव्या घालतो.
"कोडेक बदला, त्सियालाबाई."
बदलला. पडदा काळा.
दुसरा लावला. आवाज आला, चित्र गोठलं,
कर्सर अर्ध्या वाटेत अवघडून उभा,
फळ्यापुढे बोलावलेल्या मुलासारखा.
तिसऱ्यानं ताकास तूर लागू दिली नाही:
रेकॉर्डिंग अयशस्वी. बस्स.
एकतीस वर्षं पेपर तपासले मी,
नापास करताना निदान कुठे चुकलं ते लिहायचे.

वर अडिशीला बर्फानं रस्ता बंद.
शाळेत सात मुलं, गणिताचा मास्तर खाली अडकलेला,
म्हणून मी. त्रिकोण, कर्ण,
आणि हा लाल तुटक चौकोन:
याच्या आत असेल तेवढंच दिसेल म्हणे.

म्हणे!
पहिला धडा पाठवला तेव्हा
चाळीस मिनिटं मुलांनी पाहिली
माझ्या पडद्यावरची कचरापेटी.
चौकोन मी आखला इथे,
यंत्रानं धरला तिथे, वर, डावीकडे सरकून.
मागून माझा आवाज: "आता नीट बघा,
ही बाजू त्या बाजूला लंब आहे."

खोट माझ्या डोळ्यांतली निघाली.
चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा
बाद्रीनंच अक्षरं मोठी करून दिली होती,
एकशे पंचवीस टक्के.
मी सव्वापट जगात बोट ठेवत होते,
यंत्र मूळ जगात मोजत होतं.
दोघंही खोटं बोलत नव्हतो.

ते जुळवलं, चौकोन जागेवर बसला,
आणि तेव्हापासून हे: काळा, गोठलेला, अयशस्वी.

नवव्या रात्री वीज गेली, आली,
पुन्हा गेली. मेणबत्तीशी बसून
मी कागद ओढला, सवयीनं.
माझ्या हिशेबी रुंदी एक हजार ब्याण्णव.
सव्वानं गुणा: तेराशे पासष्ट.
आमच्या भाषेत मोजणी विसांची,
पासष्ट म्हणजे तीन विसा आणि पाच.
त्या पाचाशी जीभ अडली.
तेराशे पासष्ट. फोडून पाहिली:
तीन, पाच, सात, तेरा.
चारही मूळ, चारही विषम, एकापेक्षा एक हट्टी,
दोनाला शिरायला फट नाही कुठे.

आणि कोडेक बिचारा
चित्राची घडी घालतो दोन-दोनांनी,
आमच्या सहलीच्या रांगेसारखी: जोड्या करा, हात धरा.
कडेला एक पिक्सेल उरलेला.
त्याचा हात धरायला कुणी नाही
म्हणून सगळी रांग थोपवून
तो नऊ दिवस गप्प उभा होता,
आणि मी त्याला मठ्ठ म्हणत होते.

वीज आल्यावर उजवी कड आत घेतली,
एकच टाका उसवावा इतकी.
चाललं.

मध्यरात्री बाद्रीला उठवलं.
"मी म्हटलंच होतं, कोडेक," तो म्हणाला
आणि घोरायला लागला, फोन न ठेवता.

मुर्झाकान, वय अकरा, अक्षर भयंकर,
कागदाचा फोटो पाठवतो:
"बाई, आता सगळं दिसतं. त्रिकोण छान आहेत.
पण कचरापेटीचा धडा पुसू नका.
त्यात काही दिसत नव्हतं, म्हणून आम्ही
शेगडीपाशी बसून तुम्ही सांगाल तसं काढत गेलो.
सातांचे सात त्रिकोण वेगळे आले.
नुत्साचा तर बरोबरही आला."

तो धडा मी कालच पुसला होता.
चाळीस मिनिटांची कचरापेटी
कचरापेटीतून बाहेर काढली.
जाता जाता, उगाच, रुंदी पाहिली:
एक हजार ब्याण्णव.
सम.